हळदीच्या दिवसांत बदकाची अंघोळ

फेब्रुवारी संपत आला की शिरड शहापुरात उन्हाला रिकामी जागा सापडत नाही. औंढ्याहून वसमतकडं निघालं की खळ्यात, अंगणात, गच्चीवर, जिथं म्हणून ऊन पडतं तिथं शिजवलेली हळद पसरलेली. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर तिचा तोरा विचारूच नका. अशा ऐन दिवसांत गच्चीवरची हळद हातभर सरकवून "इथं जरा जॅकेट वाळवायचंय" म्हणणाऱ्या माणसाला घरात काय किंमत राहणार? तो माणूस म्हणजे प्रस्तुत लेखक, निवृत्त शिक्षक.

जॅकेट पोराचं. पोरगा पुण्यात नोकरीला. जानेवारीत उत्तराखंडात केदारकंठाला गेला, साडेबारा हजार फुटांवर बर्फात फोटो काढले आणि जॅकेट गावी आणून टाकलं. कॉलरला मळाची काळी रेघ, बाहीवर चहाचा ओघळ, सगळ्याला शेकोटीचा वास. "बाबा, नाहीतरी तुम्ही रिकामेच असता," एवढं बोलून तो पुण्याच्या गाडीत बसला.

जॅकेटाच्या आतल्या पट्टीवर चित्रं होती. पाण्याच्या टबात 30 चा आकडा, फुली मारलेला त्रिकोण, फुली मारलेली इस्त्री आणि चौकोनात एक वर्तुळ. तीस अंशांच्या वर गरम पाणी नको, ब्लीच नको, इस्त्री नको, इथवर मास्तरकी कामी आली. वर्तुळ म्हणजे ड्रायर. ड्रायर तर घरात होताच! पण आपण ज्याला ड्रायर म्हणतो तो सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा धाकटा डबा. तो कपडे गरगरा फिरवून पिळतो, वाळवत नाही. पट्टीवरचा ड्रायर गरम हवेचा, आणि तो शिरडात काय, लेखकाच्या अख्ख्या गोतावळ्यात कुणाकडं नव्हता.

जॅकेटात भरलेलं असतं ते डाउन, म्हणजे बदकाच्या छातीवर बाहेरच्या पिसांखाली असलेली मऊ लव. तिला देठ नसतो. रुईच्या म्हातारीसारखे एका ठिपक्यातून चहूकडं तंतू फुटलेले असतात. त्या तंतूंत हवा अडकते आणि ऊब देते ती हवाच.

हे पहिल्यांदा अंगावर घालून दाखवणाऱ्यांत जॉर्ज फिंच हा रसायनशास्त्रज्ञ होता. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी त्यानं बलूनच्या कापडात आयडर बदकाची पिसं भरून कोट शिवून घेतला. ट्वीडचे कोट घातलेल्या सोबत्यांनी आधी त्याची यथेच्छ टिंगल केली, मग वरच्या थंडीत त्याचा हेवा केला. फिंच 8,300 मीटरच्या वर जाऊन आला. गंमत पुढंच आहे. हाच गृहस्थ 1952 ते 1957 पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक होता. पाच वर्षं माणूस पुण्यात, आणि तो कोट धुवायचा कसा, हे कुणी त्याला विचारून ठेवल्याचं दिसत नाही.

तेव्हा लेखकानं स्वतःच बाह्या सरसावल्या. साधी पावडर टाळली, कारण तिनं पिसांचं अंगचं तेल निघून जातं आणि ती ठिसूळ होतात. लोकरीसाठीचा पातळ साबण घेतला, टबात कोमट पाणी केलं आणि जॅकेट सोडलं. ते बुडेना. म्हैस एकदा तळ्यात शिरली की बाहेर येत नाही, आणि हे आत जायला तयार नाही. पोट दाबावं तर बाही फुगून वर येई. शेवटी हवा दाबून काढत काढत ते पाण्याखाली नेलं.

तेवढ्यात आई धोपटणं घेऊन हजर. घटस्थापनेआधी घरातल्या झाडून साऱ्या वाकळा नदीवर नेऊन धोपटण्यात तिची उमर गेली.

"कामून असं चोळायलास लेकराला न्हाऊ घातल्यावानी? हाण की दोन!"

धोपटणं मोठ्या मुश्किलीनं परत गेलं. फेस जाईपर्यंत चार वेळा पाणी बदललं. ओलं जॅकेट खांद्याला धरून उचलायचं नसतं, पाण्याच्या वजनानं आतली शिवण फाटते. त्याला दोन्ही हातांवर आडवं घेऊन लेखक मशीनपर्यंत गेला. धाकट्या डब्यात दोन मिनिटं फिरवल्यावर मशीन थरथरत दारापर्यंत चालत आलं. आतून जे निघालं ते जॅकेट वाटत नव्हतं. पोळीसारखं चपटं, कप्प्याकप्प्यात सुपारीएवढ्या गुठळ्या आणि वास थेट खुराड्याचा.

बातमी गल्लीत पसरली. गावात मल्लिनाथाचं दिगंबर जैन क्षेत्र आहे. इथं पीस म्हटलं की डोळ्यांपुढं येते मुनींच्या हातातली पिंछी, मोरानं आपणहून टाकलेल्या पिसांची. शेजारच्या काकांनी हळूच विचारलं, "बदकानं आपणहून टाकलंय का हे?" लेखकानं चहा मागवला. खरं उत्तर असं की बहुतेक डाउन मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांचंच असतं. आइसलंडची आयडर बदकं तेवढी स्वतःच्या छातीची लव उपटून घरट्यात अंथरतात, आणि माणसं ती घरट्यातून गोळा करतात. चहा पिऊन झाला तरी हे सांगायचं धाडस झालं नाही.

दुसरा शेजारी व्यवहारी. "गुरुजी, आमच्या पॉलिशच्या ड्रममदी टाका की! दहा मिनटात चकाचक." सूचना वाटते तितकी वेडी नव्हती. पॉलिशच्या ड्रममध्ये वाळलेली हळकुंडं एकमेकांवर घासून साल टाकतात. गरम हवेच्या ड्रायरमध्येही ड्रमच फिरतो, आणि गुठळ्या फुटाव्यात म्हणून त्यात दोन-तीन टेनिस बॉल टाकतात. बॉल गल्लीतल्या क्रिकेटवाल्यांकडं होते. फक्त गरम हवा नव्हती, आणि जॅकेट पिवळंधमक होऊन निघालं असतं.

शेवटी धावून आली ती आईच. पूर्वी दारात पिंजारी यायचा. पिंजणाच्या तातीचा टणटण आवाज व्हायचा आणि गादीतल्या दबल्या कापसाचा ढग व्हायचा. "ह्ये बी तसंच की," म्हणत ती जॅकेट मांडीवर घेऊन बसली. अंगठा आणि दोन बोटांत गुठळी धरायची, तीळ चोळल्यासारखी हलके फिरवायची, सुटली की पुढची. दर अर्ध्या तासानं एक फेरी, मग झटकणं, मग पुन्हा आडवं पसरणं.

वाळलेलं हळकुंड ओळखणं सोपं, मोडलं की कट्‌ वाजतं. जॅकेट वाजत नाही. ते वरून वाळलं तरी आत ओल राहते आणि मग कुबट वास नि बुरशी. लेखकानं धुण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करून ठेवलं होतं, 380 ग्रॅम. पहिल्या संध्याकाळी 520. दुसऱ्या संध्याकाळी 430, म्हणजे अजून पन्नास ग्रॅम पाणी. तिसऱ्या दुपारी काटा 380 वर आला, तेव्हा कुणीतरी हळद उलथून आलेल्या हातांनी जॅकेट बाजूला सरकवलं. पाठीवर पाच पिवळी बोटं उमटली.

साबण लावावा तर हळद लाल होते, हा क्षाराचा गुण आठवीच्या पुस्तकात लेखकानंच तीस वर्षं शिकवलेला. आई म्हणाली, उन्हात टाक. हळदीचा रंग उन्हात विरतो, हे खरंच. पण नायलॉनलाही कडक ऊन सोसत नाही, म्हणून पाठ उन्हात आणि बाकीचं गोणपाटाखाली अशी तोड निघाली. संध्याकाळी बोटं जेमतेम दिसत होती.

जॅकेट घडी करताना खांद्याच्या शिवणीतून एक पीस डोकावलं. ते बाहेर ओढायचं नसतं, आतल्या अंगानं चिमटीत धरून मागं घ्यायचं, म्हणजे भोक मोठं होत नाही. लेखक चष्मा शोधायला आत गेला. परत येईपर्यंत आईनं पीस उपटून वाऱ्यावर सोडलं होतं आणि वाकळेच्या जाड सुईनं, लाल दोऱ्यानं, खांद्यावर सुरेख धावदोरा घालत आणला होता. आठ टाके झाले होते, नववा चालू होता.