उष्ट्या साखरेचे शास्त्र : पेठ तालुक्यातील गोड वाइनच्या निवडीविषयी

गोड वाइनची निवड करण्यापूर्वी तिची व्याख्या करणे आवश्यक आहे. कारण ज्या वस्तूची व्याख्या झालेली नाही तिचा आस्वाद घेता येतो, पण तिच्यावर अधिकारवाणीने बोलता येत नाही, आणि वाइनच्या प्रांतात दुसऱ्या गोष्टीलाच अधिक महत्त्व आहे. द्राक्षरसातील साखर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव खातात व तिचे अल्कोहोल आणि कर्बवायू यांत रूपांतर करतात. या क्रियेला शास्त्रात किण्वन आणि स्वयंपाकघरात आंबणे म्हणतात. यीस्टने ताट चाटूनपुसून रिकामे केले तर होते ती ‘ड्राय’ वाइन, आणि ताटात काही उरले तर होते ती गोड वाइन. या उरलेल्या साखरेला ग्रंथकार ‘अवशिष्ट शर्करा’ असे भारदस्त नाव देतात. मात्र पंगतीत कोणी जेवून उठल्यावर ताटात जे उरते त्यासाठी मराठीत याहून जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘उष्टे’. ज्या घरांत उष्ट्या-खरकट्याचे नियम अजून पाळले जातात तेथील जिज्ञासूंनी पुढील विवेचन मन घट्ट करून वाचावे.

गोड वाइन करण्याची सारी विद्या म्हणजे जेवायला बसलेल्या यीस्टला भरल्या ताटावरून उठवण्याची विद्या होय. पहिला मार्ग उघड असभ्यतेचा आहे : टाकी एकाएकी थंड करावी, पाहुणा गारठला की रस बारीक गाळणीतून गाळून त्याला बाहेर काढावे आणि तो उरलेल्या ताटावर परत येऊन बसू नये म्हणून गंधकाच्या संयुगाचा पहारा ठेवावा. दुसरा मार्ग पोर्तुगालमधील डोरो खोऱ्याचा आहे. तेथे आंबणे ऐन रंगात असताना द्राक्षांपासून काढलेला कडक मद्यार्क रसात ओततात, त्यामुळे पाहुणा जागीच आडवा होतो आणि साखर वाचते. या पद्धतीने होणाऱ्या पोर्ट वाइनच्या प्रदेशाची सीमा १७५६ मध्येच आखली गेली होती. गोव्याने हे नाव उचलून आपल्या गोड, तांबड्या वाइनला लावले आणि ते असे रुजले की महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना वाइन म्हणजे पोर्ट आणि पोर्ट म्हणजे गोव्याहून येताना बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळलेली बाटली, एवढेच ठाऊक होते.

तिसरा मार्ग आग्रहाचा आहे आणि म्हणूनच तो मराठी मनाला सर्वांत जवळचा वाटावा. यात यीस्टला कोणी उठवत नाही. उलट इतकी साखर वाढली जाते की ती संपवता संपत नाही, आणि स्वतःच निर्माण केलेल्या अल्कोहोलने सुस्तावलेला पाहुणा, लग्नात पाचवी जिलेबी पानात पडलेल्या व्याह्याप्रमाणे, हात वर करतो. त्यासाठी द्राक्षे नेहमीच्या तोडणीनंतरही काही आठवडे वेलीवरच ठेवतात. मण्यांतील पाणी उडून जाते, साखर दाटते आणि अशा वाइनच्या बाटलीवर ‘लेट हार्वेस्ट’, म्हणजे उशिराची तोडणी, असे छापले जाते. नाशिक परिसरात शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षापासून सुला आणि रेव्हेलो या वाइन कंपन्यांनी अशा वाइन केल्या आहेत, तर इगतपुरी तालुक्यातील व्हॅलोनने द्राक्षे सुकवून गोडी दाट करण्याची फ्रेंच रीत वापरली आहे, जी बेदाण्याच्या वाटेवर अर्ध्यात थांबते.

येथे नाशिकच्या बागाइतदाराच्या शब्दसंपत्तीची नोंद घेतली पाहिजे. वेलीला या हवेत हिवाळ्याची झोप मिळत नसल्यामुळे तिची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास होणारी ‘खरड छाटणी’ काडी तयार करते, आणि ऑक्टोबरच्या सुमारास होणारी ‘गोडी छाटणी’ फळ देते. फ्रेंचांनी वाइनविषयी शेकडो शब्द घडवले, परंतु कात्री चालवतानाच जिच्या नावात गोडी यावी अशी छाटणी त्यांना सुचली नाही. याउलट फ्रान्समधील सोतेर्न येथे द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी मुद्दाम येऊ देतात, कारण ती मण्याची साल सच्छिद्र करून पाणी उडवते. तिला ते ‘उदात्त कुज’ म्हणतात. ही माहिती दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्यास भुरी आणि डाऊनी या वेलीच्या रोगांवरील फवारणीचा हिशेब चालू असताना देऊ नये. कॅनडा-जर्मनीतील ‘आइस वाइन’चीही तीच गत आहे, ती वेलीवरच उणे सात-आठ अंशांना गोठलेल्या द्राक्षांपासून होते, आणि निफाडला पारा त्याच्या जवळपासही न जाता नुसता घसरला तरी मण्यांना तडे जाऊन लोक हवालदिल होतात.

आता स्थळविचार. पेठ हे गाव गोड वाइनच्या अभ्यासास जगातील सर्वांत योग्य ठिकाण असल्याचे सहसा कोणी मांडत नाही, परंतु ते सिद्ध करणे अवघड नाही. त्याच्या पूर्वेस, घाट ओलांडून गेल्यावर, ज्या खोऱ्याच्या वाइनला २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले ते खोरे आहे; पश्चिमेस धरमपूरच्या बाजूला दारूबंदीचे गुजरात आहे; आणि मध्ये नागली, वरई, भात आणि खुरासणी पिकवणारा, पावसाने झोडपून निघणारा हा आदिवासी तालुका आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १ मे १९६० रोजी दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. वाटणीत दोघा भावांना एकच पंचांग मिळाले. एकाने त्यातले उपवास पाळले, दुसऱ्याने सणवार. त्यामुळे महाराष्ट्रातही पिणारा कायद्याच्या दृष्टीने परवानाधारक असावा लागतो, वाइनसाठी त्याने वयाची २१ वर्षे पूर्ण केलेली असावी लागतात, आणि कायद्यात तर ‘आरोग्याच्या रक्षणासाठी’ द्यावयाच्या परवान्याच्या शेजारीच तातडीच्या औषधोपचारासाठी ब्रँडी, रम किंवा शॅम्पेन बाळगण्याच्या परवान्याचीही तरतूद आहे. कोणत्या दुखण्यावर शॅम्पेन तातडीने द्यावी लागते, याचा खुलासा कायदा करत नाही.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यास मान्यता दिली, आणि वाइन ही दारू आहे की नाही या प्रश्नावर महाराष्ट्रात मोठे तात्त्विक मंथन झाले; विरोधामुळे तो निर्णय पुढे सरकला नाही. पेठच्या बाजारपेठेतील किराणा दुकानांनी एक हजार चौरस फूट हा आकडा वाचून काय केले असेल याची कल्पना करता येते. तात्पर्य, निवड नाशिकहूनच करून आणावी लागते, आणि सुमारे पंचावन्न किलोमीटरचा घाटरस्ता बाटलीसह परत येताना ती उभी नव्हे तर आडवी व सावलीत ठेवावी, हा या मार्गदर्शनातील पहिला खरा नियम होय.

दुकानात उभे राहिल्यावर बाटलीवरील शब्द वाचावेत, पण त्यांवर विश्वास ठेवू नये. फसफसणाऱ्या वाइनमध्ये ‘ब्रूट’ म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमहून कमी साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’, म्हणजे शब्दशः अधिक कोरडी, ती मात्र ब्रूटहून गोड. आणि ‘डेमी सेक’ म्हणजे अर्धी कोरडी, जिच्यात ३२ ते ५० ग्रॅम साखर असते. गोडाला अर्धी कोरडी म्हणणारी ही भाषा मराठी सरकारी परिपत्रकांवर वाढलेल्या वाचकास परकी वाटू नये. खऱ्या गोड वाइनमध्ये साखर याच्याही पुढे जाते. सोतेर्नमध्ये ती सहज शंभर ग्रॅमच्या वर असते. अशी वाइन पुष्कळदा ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीत मिळते व माणशी साठ-सत्तर मिलिलिटर पुरते. हे प्रमाण पंगतीपेक्षा आचमनाच्या जवळ जाणारे आहे, हे यजमानाने पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे.

ती आठ ते दहा अंशांपर्यंत गार करून द्यावी, अन्यथा पाकासारखी लागते. वीज असेल तर शीतकपाट पुरेसे आहे. नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवण्याचा उपाय मार्चमध्ये थोडाफार लागू पडतो. जुलैमध्ये तो व्यर्थ आहे, कारण माठ बाष्पीभवनाने गार होतो आणि पेठच्या पावसाळ्यात हवेत आणखी बाष्प शिरायला जागाच नसते.

सोबतच्या पदार्थाचा नियम एकच : वाइन पदार्थाहून गोड असावी. या नियमाने मराठी मिष्टान्नांची बहुतेक यादी बाद होते. जिलेबीच्या पाकाशेजारी जगातील सर्वांत महाग सोतेर्नही लिंबूपाण्यासारखी लागेल. पुरणपोळी आणि श्रीखंड यांनाही हरवणारी वाइन सापडणे कठीण आहे. म्हणून शहाण्याने खारट व तिखटाकडे वळावे. फ्रेंच लोक गोड वाइनबरोबर खारट, बुरशीचे रोकफोर चीज खातात; पेठच्या चुलीवर त्याची जागा नागलीची भाकरी आणि खुरासणीची तेलकट, खमंग चटणी घेऊ शकते, आणि नाशिकच्या तिखट मिसळीचा दाह साखरेने शमतो हेही शास्त्रसंमत आहे.

वास घेऊन वर्णन करण्याचा विधी टाळता येत नाही. परदेशी पुस्तकांत जर्दाळू आणि संत्र्याच्या सालीचा मुरंबा यांचे उल्लेख येतात. पेठच्या जिज्ञासूने पिकला फणस, पोळ्यातला मध आणि मोहाचे फूल म्हणावे, ते अधिक अचूक ठरते. मोहाचा उल्लेख मात्र हलक्या आवाजात करावा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडणारी ही रसाळ फुले वाळल्यावर त्यांच्या वजनातील निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. म्हणजे यीस्टच्या दृष्टीने ते वेलीवर न लागलेले बेदाणेच. तरीही १८९२ मध्ये मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील मोहफुलांवर स्वतंत्र कायदा केला, आणि उशिरा तोडलेल्या द्राक्षावर तसा कायदा कोणी केला नाही. मोह आंबवून त्याची वाफ धरली की ती हातभट्टी होते; ती वाइन नव्हे, बेकायदा आहे आणि प्रसंगी जिवावर बेतते, म्हणून या मार्गदर्शनाच्या कक्षेत ती येत नाही. फूल भाजून किंवा भाकरीच्या पिठात घालून खाणाऱ्या आजीला मात्र या विषयातील परीक्षक म्हणून बोलावण्यास हरकत नसावी. अवशिष्ट शर्करा हा शब्द न वापरता गोडी किती व आंबटपणा किती हे ती एका घोटात सांगेल, आणि वाइन नुसती गोड असून आंबट नसेल तर पेला बाजूला सारेल. तिचा हा निकष बोर्दोमधील कोणताही तज्ज्ञ मान्य करील.

बाटली संपत आल्यावर तळाशी कधी कधी बारीक, चमकदार खडे दिसतात. ते खडीसाखरेचे नसून थंडीने बाहेर पडलेल्या टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असतात. घरातील मुले ते प्रसाद म्हणून मागतील. त्यांना देऊ नयेत, आणि मोठ्यांनी एखादा जिभेवर ठेवलाच तर बाटलीभर गोडीनंतर तो आंबट लागतो.