कारध्याचे कादंबरीकार

भंडाऱ्याहून वैनगंगा ओलांडली की कारधा. इथल्या चहाच्या टपरीवर सकाळी काखेत शबनम, खिशात दोन पेनं आणि चेहऱ्यावर घरात कुणी अत्यवस्थ असल्याचा भाव घेऊन बसलेले गृहस्थ दिसले, तर घाबरू नका. ते लेखक आहेत. अत्यवस्थ आहे ती त्यांची नायिका. कित्येक पावसाळे ती पंधराव्या प्रकरणात खाटेला खिळून आहे.

"का जी, झाली का कादंबरी?" टपरीवाला विचारतो.

"झालीच समज. नायिका मरायची रायली, बस."

दिनक्रम कडक. ना. सी. फडक्यांचं 1931 सालचं 'प्रतिभासाधन' त्यांनी इतकं घोटलंय, की तंत्र पूर्ण अवगत आहे. लिहून ते सिद्ध करण्याची निकड त्यांना भासत नाही. पहाटे चारला उठतात. टेबल पुसतात, पेनात शाई भरतात, कागदाला समास आखतात. समास इतका देखणा, की पुढच्या कोऱ्या जागेत काही खरडणं जिवावर येतं. मग 'निरीक्षणा'साठी नदीवर. निरीक्षण उन्हं चढेपर्यंत चालतं. घरी परतल्यावर समीक्षा तयारच असते : "थे नायिका मंग मारा जी, पहिले सिलिंडर आना."

खरा घोळ पावसाळ्यात. दिवाळी अंकांना कथा पाठवायचे दिवस आणि पुराचे दिवस एकच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हा वैनगंगेला विचारलं नाही, ही आपल्या कादंबरीकारांची जुनी तक्रार. तिकडे मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, संजय सरोवर धरणाचे दरवाजे उघडले, इकडे कारध्याला पाणी चढायला लागलं, की लेखणी म्यान. नदीची पातळी ते दोन दशांश स्थळांपर्यंत मीटरमध्ये सांगतात. किती पानं झाली विचारलं, तर "बरीच".

ऑगस्ट 2020 च्या महापुरात एक अख्खं हस्तलिखित वाहून गेलं, असं ते सांगतात. शेजारी सांगतात, त्यांच्या घरात पाणी शिरलंच नव्हतं.

पण त्याच पुरानंतर नुकसानभरपाईचे अर्ज लिहायला लोक त्यांच्याच ओसरीवर आले. आणि काय लिहिलं बाप्पा! आडवं झालेलं धान, भिजून कोंब फुटलेली पोती, पडलेली भिंत. एका अर्जात तर वाहून गेलेल्या म्हशीच्या स्वभावावरच दोन परिच्छेद. मालकीणबाईंनी ऐकताना पदर डोळ्यांना लावला, "अशीच होती जी माही म्हैस!" हे सगळं एका बैठकीत. ना मूड, ना समास. मानधन एक कप चहा, तोही स्वतःच्याच घरचा.

माझ्या मते त्यांचं उत्तम गद्य सरकारी फायलींत बांधलेलं पडून आहे. अडचण एवढीच, की त्याला ते साहित्य मानत नाहीत.

तेव्हा दिवाळी अंकांच्या संपादकांनो, कृपा करून त्यांच्याकडे कथा मागू नका. मागितलीत, की ते समास आखायला बसतील. मा. तहसीलदार साहेबांच्या नावे एक अर्ज मागवा, विषय कुठलाही चालेल, आणि आला की तसाच छापा.