ट्रायलराव

प्रत्येक सोसायटीत एक ट्रायलराव असतात. दारावरच्या पाटीवर आडनाव काहीही असो. लिफ्टमध्ये तुमच्या मोबाइलवर जाहिरातीशिवाय गाणं वाजताना त्यांनी ऐकलं, की ते थोडे जवळ सरकतात आणि घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी तशा आवाजात विचारतात, "ह्याचे पैसे भरता तुम्ही?" तुम्ही हो म्हणालात की ते फक्त मान हलवतात. मग पाचव्या मजल्यापर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही.

आमचे ट्रायलराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पेन्शन वेळेवर, फ्लॅट स्वतःचा, मुलगी-जावई सिंगापूरला. ते कंजूष आहेत असं मी तरी म्हणणार नाही. दिवाळी अंक तीन घेतात, तेही विकत. कालनिर्णय १९७३ साली निघालं, आणि त्यांच्या घरातली भिंत तेव्हापासून एकही वर्ष रिकामी नाही. नव्या मोबाइलला काच बसवायला दुकानदाराने तीनशे मागितले तर मुकाट्याने देतात. वर कव्हर घेतात, ते वेगळं. पण त्याच काचेखालच्या एखाद्या ॲपने वर्षाचे नव्याण्णव रुपये मागितले, की "लूट चाललीय नुसती!" हे वाक्य गॅलरीपर्यंत ऐकू येतं. काच हाताला लागते, कालनिर्णय खिळ्याला अडकवता येतं. सॉफ्टवेअर कुठे अडकवणार?

सॉफ्टवेअर फुकटात मिळवण्याच्या विद्येत त्यांनी हयात घालवली आहे. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला त्यांचा पहिला कॉम्प्युटर 'सगळं टाकून' आला होता. सगळं म्हणजे विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, तीन शब्दकोश आणि विमान उडवायचा एक खेळ. बिलावर ह्यातलं काहीच नव्हतं. पुढे विंडोज एक्सपी आली तेव्हा तिची एक चावी जगभर फुटली होती. पंचवीस अक्षरांची. ट्रायलरावांना ती आजही पाठ आहे. "एफ-सी-के-जी-डब्ल्यू" अशी सुरुवात करून ते संपूर्ण चावी न अडखळता म्हणून दाखवतात, तेव्हा डोळे मिटलेले असतात. मायक्रोसॉफ्टने ती चावी नंतर बाद केली. ट्रायलरावांच्या मते तो त्या कंपनीचा कोतेपणा. ह्याच कंपनीच्या बिल गेट्सनी १९७६ साली एक जाहीर पत्र लिहून, आम्ही राबून प्रोग्रॅम लिहायचे आणि तुम्ही ते फुकट कॉपी करायचे हे बरं नव्हे, अशा अर्थाची तक्रार केली होती. ट्रायलराव तेव्हा बार्शीला मॅट्रिकच्या वर्गात होते, त्यामुळे ते पत्र त्यांना मिळालं नाही.

त्यांचं खरं दैवत म्हणजे विनरार. येवगेनी रोशाल नावाच्या रशियन माणसाने १९९५ साली हे सॉफ्टवेअर काढलं आणि चाळीस दिवस वापरून बघा, मग विकत घ्या, असं सांगितलं. एकेचाळिसाव्या दिवशी ते बंद पडत नाही. एक चौकट येते, मुदत संपली हो, असं नम्रपणे सांगते आणि बंद केली की निघून जाते. ट्रायलरावांचा एकेचाळिसावा दिवस मुलगी कॉलेजात होती तेव्हा उजाडला. आता नात शाळेत जाते. चौकट रोज येते. ट्रायलराव ती रोज वाचतात, शेवटपर्यंत, आणि मगच बंद करतात. "सभ्य माणूस आहे बिचारा," असं ते रोशालबद्दल म्हणतात. "पैसे देण्यासारखं सॉफ्टवेअर आहे हं!"

हे वाक्य नीट ध्यानात घ्या, कारण ट्रायलरावांकडून कुठल्याही सॉफ्टवेअरला मिळू शकणारा हा सर्वोच्च सन्मान आहे. तो ते वाटेल त्याला देत नाहीत. आठवडाभर वापरून, प्रत्येक मेनू उघडून, मदतीची पानं वाचून, मग ते निकाल देतात. विकत घेणारे आपण वर्षभरात ज्या बटणांना हात लावत नाही ती त्यांना पहिल्या दुपारीच माहीत झालेली असतात. फोटो सुधारण्याचं कोणतं ॲप घ्यावं, पीडीएफ कशाने जोडावी, पासवर्ड कुठे ठेवावेत, ह्याबद्दल त्यांचा सल्ला अचूक असतो. सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या शब्दावर पैसे भरलेत. स्वतः ट्रायलराव मात्र 'देण्यासारखं' आणि 'देणं' ह्यांची गल्लत करत नाहीत.

मला बरीच वर्षं वाटायचं, ह्या माणसाला फुकटची आवड आहे. तसं असतं तर सोपं होतं. एकदा त्यांचा एक चित्रपट चालेना म्हणून मी व्हीएलसी टाका म्हटलं. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेला हा प्रकल्प. कायदेशीर, कायमचा फुकट, वर जाहिराती नाहीत. जाहिराती घुसवण्यासाठी आलेले मोठमोठे देकारही त्या मंडळींनी नाकारले. मी हे सगळं सांगत असताना ट्रायलरावांचा चेहरा पडत गेला. "फुकटच आहे?" त्यांनी विचारलं. "म्हणजे कुणालाही मिळतं?" दोन दिवसांनी त्यांनी कुठल्याशा अंधाऱ्या साइटवरून 'व्हीएलसी फुल व्हर्जन, क्रॅकसह' उतरवलं. त्यात जे काही होतं त्याने त्यांच्या ब्राउझरमध्ये महिनाभर रशियन भाषेत लग्नं जुळवली. लिबरऑफिसही त्यांनी ह्याच कारणासाठी काढून टाकलं. जे सर्वांसाठी मोफत आहे त्यात त्यांना पुरुषार्थ दिसत नाही. वस्तूला घसघशीत किंमत पाहिजे, आणि ती आपल्याला लागू होता कामा नये.

त्यांचा पराभव झाल्याचे प्रसंग थोडेच. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा डीटीपीवाल्याकडे 'श्री-लिपी' होतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं. मराठी छपाईतली एक अख्खी पिढी ह्या सॉफ्टवेअरवर अक्षरं जुळवत होती, आणि ते चालायचं एका छोट्या कुलपावर. प्रिंटरची वायर जिथे लागते तिथे ते डाँगल खोचायचं. नाही खोचलं तर फॉन्ट असून नसल्यासारखे. डीटीपीवाला दुकान बंद करताना डाँगल काढून खिशात टाकून घरी न्यायचा. ट्रायलरावांनी सीडी आणली, कॉपी केली, घरी लावली, आणि स्क्रीनवर आलेलं अगम्य चिन्हांचं जंगल रात्रभर बघत बसले. त्या कुलपाविषयी त्यांना आजही आदर आहे. माझ्या मते त्या स्मरणिकेतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट तीच होती. बाकी देणगीदारांची यादी मी पाहिली आहे.

पण खरी कथा मेहुण्याच्या दुकानाची. मेहुण्याचं चिंचवडला हार्डवेअरचं दुकान, म्हणजे खिळे-बिजागऱ्यांचं. हिशेब वह्यांतच. ट्रायलरावांनी त्याला टॅली घ्यायला लावलं. बंगलोरच्या श्यामसुंदर गोयंकांना स्वतःच्या धंद्याच्या हिशेबासाठी धड सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांच्या मुलाने, भारत गोयंकांनी, ते लिहिलं. १९८६ पासून ती कंपनी उभी आहे आणि आज देशातला कुठलाही व्यापारी पेठेत उभा राहून 'टॅलीत टाक' म्हणतो. "पैसे देण्यासारखं आहे," ट्रायलराव मेहुण्याला म्हणाले, आणि त्यांनी शिकाऊ आवृत्ती बसवून दिली.

टॅलीची शिकाऊ आवृत्ती फुकट असते, आणि तिच्यात सगळं चालतं. फक्त त्या वेळी नोंदी महिन्याच्या एक, दोन आणि एकतीस ह्या तीनच तारखांना करता यायच्या. दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. ट्रायलरावांनी मेहुण्याला समोर बसवलं आणि धंद्याचा नवा आराखडा आखून दिला. गिऱ्हाईक रोज येऊ दे, पण बिल महिन्याअखेरीस. घाऊक खरेदी एक तारखेला. कामगारांचे पगार दोनला. "ज्या महिन्याला एकतीस नाही त्याचं काय?" मेहुण्याने विचारलं. "त्या महिन्यात उधारी वाढवायची," ट्रायलराव म्हणाले. पाच महिने ते दुकान ह्या पंचांगावर चाललं. वर्षाखेरीस हिशेब सीएकडे गेले. त्याने अर्धा तास स्क्रीन खालीवर केला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "तुमचं दुकान महिन्यातून तीनदाच उघडतं का हो?" मेहुण्याने त्याच संध्याकाळी परवाना घेतला. ट्रायलरावांशी तो अजून बोलतो, पण फक्त लग्नकार्यात.

मोबाइल आल्यावर ट्रायलरावांचं क्षेत्र विस्तारलं. महिनाभर मोफत, नंतर पैसे, असं लिहिलेलं दिसलं की ते नवा ईमेल पत्ता काढतात. त्यांचे एकूण किती पत्ते आहेत हे त्यांनाही ठाऊक नाही. संपायच्या आदल्या दिवशीचा गजर लावलेला असतो, आणि तो चुकलाच तर बँक सावरून घेते. कार्डावरून आपोआप पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी ग्राहकाला कळवलंच पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. तो आपल्यासाठीच केला, असं त्यांना मनापासून वाटतं. व्हॉट्सॲप पूर्वी वर्षाला एक डॉलर मागायचं; जानेवारी २०१६ मध्ये ती फी रद्द झाली. 'हा मेसेज दहा जणांना पाठवा, नाहीतर उद्यापासून पैसे पडतील' हे मात्र ट्रायलराव आजही पाठवतात. धोका कशाला पत्करा?

यूट्यूबच्या फॅमिली प्लॅनवर मात्र ते चक्क पैसे भरतात, आणि त्याबद्दल त्यांचा गौरव करावा म्हणून मी यादी मागितली. कुटुंबप्रमुख आणि आणखी पाच जण, सगळे एकाच घरात राहणारे, अशी कंपनीची अट आहे. ट्रायलरावांच्या कुटुंबात बी विंगचे शेखसाहेब आहेत, इस्त्रीवाला आहे, सोलापूरचे व्याही आहेत, एका जिमचा ट्रेनर आहे, आणि एक माणूस आहे जो कोण हे आता कोणालाच आठवत नाही, पण वर्गणी वेळेवर देतो. सगळ्यांकडून गोळा झालेली रक्कम बिलापेक्षा थोडी जास्त भरते. "व्यवस्थापन खर्च," ट्रायलराव म्हणाले. सौ. ट्रायलराव ह्या कुटुंबात नाहीत. त्या सकाळी हरिपाठ लावतात आणि तो मध्येच तुटून वेलचीची जाहिरात लागते, ती संपेपर्यंत हात जोडून थांबतात.

फोटोंच्या बाबतीत मात्र हिशेब त्यांच्यावरच उलटला. गूगल फोटोजमध्ये हवे तेवढे फोटो फुकट ठेवता येत होते, ते १ जून २०२१ पासून बंद झालं. पंधरा जीबीच्या पुढे पैसे. ट्रायलरावांच्या पंधरातले अकरा जीबी गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ होतं. ते पुसण्याऐवजी त्यांनी नवी खाती उघडली. एकात नाशिकची सहल, दुसऱ्यात काशी, तिसऱ्याचा पासवर्ड एका जुन्या डायरीत, आणि डायरी रद्दीत. परवा सिंगापूरहून मुलीने बारशाचा व्हिडिओ मागितला. सौ. ट्रायलरावांनी आतून विचारलं, "अहो, बारसं कुठल्या खात्यात आहे?" ट्रायलराव दोन दिवस चाव्या आठवत बसले. एक्सपीची आठवली.

एका कंपनीला ते वर्षानुवर्षं इमानाने पैसे देतात, हे सांगितलं पाहिजे. क्विक हील. सातारा जिल्ह्यातलं काटकर कुटुंब, थोरला भाऊ पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचा, धाकट्याने अँटिव्हायरस लिहिला. ही कहाणी ते अभिमानाने सांगतात. पण खरं कारण असं की ते दुकानात खोक्यातून मिळायचं, खोक्यात सीडी असायची, सीडीवर क्रमांक असायचा आणि दुकानदार ओळखीचा होता. शिवाय इतकी क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं एका मशीनमध्ये असल्यावर पहारेकरी तरी पगारी हवा, एवढं त्यांना कळतं.

मध्यंतरी मी त्यांना कायदा दाखवला. १९५७ चा कॉपीराइट कायदा, त्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६३ ब: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटर प्रोग्रॅम वापरला तर किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं कैद, दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. ट्रायलरावांनी दोनदा वाचलं. "पहिले सात दिवस," ते म्हणाले, "म्हणजे तिथेही ट्रायलच." मग पुढचं वाचून खूश झाले, धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं आणि दंड पन्नास हजारांच्या आत राहतो.

माझं मत विचाराल तर जे रोज उघडावं लागतं, जे बंद पडलं तर काम अडतं आणि ज्याच्यामागे एखादा माणूस रात्री जागून दुरुस्त्या करतो, त्याचे पैसे द्यावेत. हिशेब, फोटो आणि पासवर्ड ह्यांत तर ट्रायल करूच नये. हे ट्रायलरावांना पटवण्याचा नाद मी सोडला आहे. तुमच्या घरात कोणी ट्रायलराव असतील तर वाद घालू नका. फोटो साठवण्याच्या जागेचे पैसे त्यांना न सांगता भरून टाका, आणि त्यांनी विचारलंच तर सांगा, ट्रायल चालू आहे.