अकरा झेंडे आणि एक मेहुणे

आमचे मेहुणे लॉस एंजेलिसला राहतात. म्हणजे पत्ता तिथला आहे आणि घराचे हप्तेही तिथेच भरतात, पण मुक्काम साधारण १९७३ सालात असतो. ते यूसीएलएचे माजी विद्यार्थी. या विद्यापीठाने पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलचं राष्ट्रीय जेतेपद ११ वेळा मिळवलंय, तितकं अमेरिकेत दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. त्यांतली १० जॉन वुडन या प्रशिक्षकाची, १९६४ ते १९७५ या १२ वर्षांतली. पैकी सात तर ओळीने. मधेच कधीतरी लागोपाठ ८८ सामने जिंकून ठेवले. ती माळ १९ जानेवारी १९७४ला नोटर डेमने तोडली, ७१-७०. अकरा गुणांची आघाडी शेवटच्या साडेतीन मिनिटांत पार धुऊन गेली.

“त्या दिवशी घास उतरला नाही,” मेहुणे अजून सांगतात. त्या दिवशी ते दोन वर्षांचे होते आणि डोंबिवलीत होते. दाढा येत असतील.

अकरावं जेतेपद एप्रिल १९९५चं. मेहुणे एम.एस.साठी तिथे उतरले ऑगस्टमध्ये. वऱ्हाड परतल्यावर मांडवात पोचावं तसं झालं, आणि तेव्हापासून ते उष्ट्या पत्रावळी मोजून लग्न किती थाटाचं होतं ते सांगताहेत. पॉली पॅव्हेलियनमध्ये वर टांगलेल्या ११ झेंड्यांकडे ते असे बघतात की खाली मैदानात काही चाललंय हे आम्हीच त्यांना कोपराने सांगावं लागतं.

वुडनच्या गादीवर नंतर जे जे बसले त्यांची मला मनापासून दया येते. पहिला जीन बार्टो. दोन वर्षांत ६१ सामने, त्यांतले ५२ जिंकले. म्हणजे ८५ टक्के. आमच्याकडे एवढ्यात पेढे वाटतात आणि चौकात फ्लेक्स लागतो. तिथे लोकांनी त्या नऊ पराभवांचा असा काही हिशेब मागितला की बिचारा अलाबामातल्या एका नव्या संघाकडे निघून गेला. पुढचा गॅरी कनिंगहॅम, ५८ पैकी ५० जिंकून दोन वर्षांत आपणहून बाजूला झाला. शहाणा माणूस. जिम हॅरिकने १९९५चा झेंडा आणून दिला आणि पुढच्याच वर्षी एका जेवणाच्या बिलात खोटं लिहिलं म्हणून त्याची नोकरी गेली. बेन हॉवलंडने २००६पासून सलग तीन वर्षं संघ शेवटच्या चारांत नेला. मेहुण्यांच्या मते, “शेवटच्या चारांत काय, कुणीही जातं.” हॉवलंडलाही २०१३मध्ये नारळ मिळाला.

आता गंमत अशी की वुडन यूसीएलएत आले १९४८ साली आणि पहिलं जेतेपद मिळालं १९६४ला. मधली १५ वर्षं भोपळा! मेहुण्यांच्या बखरीत हा काळखंडच नाही. अश्मयुग संपतं आणि लगेच राज्याभिषेक. आजचा एखादा प्रशिक्षक १५ वर्षं झेंड्याविना बसला, तर मेहुणे स्वतः विमानतळापर्यंत सोडायला जातील. (पार्किंगचे पैसेही देतील.) तेव्हा स्पर्धेला वीस-पंचवीस संघ असत, प्रत्येक गटाचा फक्त विजेता येई, आता ६८ असतात. त्या सुवर्णकाळात एक धनिक पाठीराखा खेळाडूंचे लाड कसे पुरवत होता, तेही पुढे वर्तमानपत्रांत आलं. हे मी एकदा काढलं. बहिणीने टेबलाखालून पाय दाबला आणि वरून विचारलं, “आमटी वाढू का?”

एक गोष्ट तर खुद्द वुडनच सांगायचे. १९७४ला उपांत्य फेरीत संघ हरला होता. १९७५ला निवृत्ती जाहीर करून त्यांनी दहावं जेतेपद जिंकलं, अखेरचा सामना संपला, आणि एक चाहता धावत आला. अभिनंदन करून म्हणाला, गेल्या वर्षी तुम्ही आमची निराशा केलीत, ती आज भरून निघाली. दहावं जेतेपद हो! मला खात्री आहे, हा गृहस्थ पुढे आयुष्यभर ‘वुडनच्या वेळी कसं होतं’ ते सांगत हिंडला असणार.

वुडन पहिल्या दिवशी खेळाडूंना बास्केटबॉल शिकवत नसत. मोजे घालायला शिकवत. टाचेपाशी सुरकुती नको, सुरकुतीने फोड येतो, फोडाने सामना जातो. मेहुण्यांनी या साऱ्या वारशातून एवढं एकच उचललं. घरात सकाळी मुलांच्या मोज्यांची तपासणी होते. थोरली आता वकील झाली आहे, तरी माहेरी आली की दारात थबकते.

गेल्या हिवाळ्यात मी तिकडे होतो. मेहुण्यांचे वडीलही आले होते. जन्म दादरचा, हयात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. टीव्हीवर यूसीएलएचा सामना चालू होता आणि मेहुणे नेहमीप्रमाणे जानेवारी १९७४मध्ये पोचले होते. वडिलांनी अर्धा तास ऐकून घेतलं.

“अठ्ठ्याऐंशी सामन्यांचं काय कौतुक सांगतोस? आम्ही रणजी करंडक सलग पंधरा वर्षं घरात ठेवला. अठ्ठावन्न-एकोणसाठपासून. आणि गेला कधी? तुझ्याच चौऱ्याहत्तर साली. बंगलोरला, उपांत्य सामन्यात. अजित काय सुंदर खेळत होता... धावता धावता पाय घसरला रे त्याचा. धावबाद. तो घसरला नसता तर आजही करंडक आपल्याकडे असता.”

त्यानंतर मुंबईने करंडक कितीतरी वेळा आणला, हे माझ्या ओठांवर आलं होतं. बहिणीचा पाय टेबलाखाली तयारच होता.

मेहुणे गंभीर झाले. रिमोट घेऊन त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि वडिलांकडे सरकून बसले.

“बाबा,” ते म्हणाले, “मोजे नीट घातले होते का त्याने?”