संकटकाळी संपर्क: बाबा, सांगली

आपत्कालीन व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला परदेशात प्रवेश मिळाला की माणसाची चालच बदलते. एमबीएवाल्याला नोकरी हवी असते, संगणकवाल्याला ग्रीन कार्ड. आम्हांला थेट मानवजात वाचवायची असते. माझ्या मनातला मी कायम ढिगाऱ्यासमोर उभा असतो: अंगात पिवळंजर्द जाकीट, पाठीवर ‘नियंत्रक’, हातात वॉकीटॉकी, आणि एवढ्या धुळीतही भांग जागच्या जागी. न्यूझीलंडमध्ये पाठीवर हुद्दा छापलेली जाकिटं खरोखरच असतात, त्यामुळे या स्वप्नाला शास्त्रीय आधारही आहे. अडचण एवढीच की हे शास्त्र जरा पुढे वाचलं की ते जाकीट बाजूला ठेवतं आणि आपलं नाव यादीत घालतं. संकटात आधी कोण सापडतं त्याची ती यादी: भाड्याने राहणारे, नुकतेच आलेले, स्थानिक बोली अर्धवट कळणारे, हाताशी पैसा नसलेले, शेजारीपाजारी ओळख नसलेले. वेलिंग्टनला शिकायला गेलेला मराठी विद्यार्थी या परीक्षेत विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण होतो. माझं म्हणणं एवढंच, की वाचवायला निघालेला हा माणूस स्वतः वाचवायच्या माणसांत मोडतो, आणि हे त्याला जितकं लवकर पटेल तितकी त्याची पदवी कामाची.

पहिला पुरावा प्रवेशाचा फॉर्म. त्यात एक रकाना असतो, संकटकाळी कोणाला कळवायचं? आपण डोळे मिटून लिहितो: बाबा, सांगली. क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा सांगलीत पहाटेचे ५ वाजून २१ मिनिटं झाली होती. म्हणजे संकट तिकडे भर दुपारी, आणि संपर्क इकडे पांघरुणात. बरं, बाबा जागे असले तरी निदान तो ऑगस्ट नसावा. कृष्णा आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडायला लागली की संपर्क स्वतःच गव्हाचा डबा माळ्यावर चढवत असतात. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आणि त्या घटकेला दोघांपैकी सज्ज माणूस बाबाच असतात. किती फूट झाले की कोणत्या गल्लीत पाणी शिरतं, गाडी कुठल्या चढावर नेऊन लावायची, म्हातारीला कोणाच्या वरच्या मजल्यावर पोचवायचं, हे नदीकाठच्या सांगलीकराला पाठ असतं. वेलिंग्टनच्या आयलंड बे भागात त्सुनामीच्या वेळी कुठवर पळायचं ते दाखवायला रस्त्यावर निळी रेघ आखली आहे. कल्पना उत्तम आहे, आणि निबंधात तिची स्तुती केली की मार्कही उत्तम पडतात. सांगलीत तीच रेघ लोकांच्या डोक्यात आखलेली आहे. तिला संदर्भसूची नाही, म्हणून मार्क नाहीत.

आता सज्जतेचा विषय निघालाच आहे तर फराळाबद्दल बोललं पाहिजे. न्यूझीलंड सरकारचा सल्ला असा की घरात किमान तीन दिवसांचा साठा असावा: माणशी रोज तीन लिटर पाणी, आणि न शिजवता खाता येईल असं टिकाऊ अन्न. ज्याने कोणी हा सल्ला लिहिला त्याला दिवाळीचा फराळ ठाऊक नसावा, नाहीतर डबाबंद घेवड्यावर त्याने कागद वाया घालवला नसता. बेसनाचा लाडू बघा: गॅस नको, फ्रिज नको, वीज नको, आणि एका लाडवात माणूस अर्धा जिना चढून जातो. डिंकाचा लाडू तर निव्वळ आपत्तीसाठीच जन्मलेला आहे. एरवी तो कोणी आपणहून खात नाही. कडबोळं फडताळावरून पडलं तरी तुटत नाही, फक्त खाली कोणी बसलेलं नसावं. ओल्या नारळाची करंजी बाद. ती दुसऱ्या दिवशी स्वतःच आपत्ती होते. अनारशाला पीठ आंबवण्यापासून दिवसच्या दिवस लागतात, म्हणून तो पूर्वसूचना देऊन येणाऱ्या संकटांचा पदार्थ. चक्रीवादळाला चालेल, भूकंपाला नाही. चिवड्याने तहान लागते, तेव्हा चिवडा खाणाऱ्या घरांसाठी तीन लिटरचा आकडा वाढवून मिळावा. मेतकुटाला भात लागतो, भाताला कुकर, कुकरला वीज; सबब मेतकूट पुनर्उभारणीच्या टप्प्यात. हा साठा ऑकलंडला उतरताना विमानतळावर जाहीर करावा लागतो, न केल्यास ४०० डॉलर दंड. म्हणजे त्याची सरकारदरबारी नोंदही झालेली असते. या संपूर्ण योजनेत दोष एकच. पहिल्या असाइनमेंटच्या आदल्या रात्री साठा संपतो, आणि तिथून पुढे त्या घरात संकटाला तोंड द्यायला दीड पाकीट नूडल्स उरतात.

कोणी म्हणेल, पंचविशीतला धडधाकट पोरगा, खिशात फोन, तो कसला दुर्बळ? याला उत्तर कोबे शहराने दिलं आहे. तिथे १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं. कोण कोणत्या खोलीत झोपतं हे त्यांना माहीत होतं. त्याच वर्षी जुलैत शिकागोला उष्णतेची लाट आली, सातशेहून अधिक माणसं दगावली, आणि एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने दाखवलं की त्या मृत्यूंत उन्हाइतकाच वाटा एकटेपणाचा होता. आपण मात्र कोणत्या खोलीत झोपतो हे शेजाऱ्याला सोडा, घरमालकालाही ठाऊक नसतं. आणि क्राइस्टचर्चचं काय सांगावं? तिथे १८५ माणसं गेली, त्यांतली ११५ एकाच सहा मजली सीटीव्ही इमारतीत. त्या इमारतीत इंग्रजी शिकवणारी एक शाळा होती. मृतांत जपान, चीन, फिलिपिन्स, थायलंडहून शिकायला आलेले विद्यार्थी होते. एकट्या जपानचे २८. त्यांनीही कुठल्या तरी फॉर्मवर आईवडिलांचे नंबर लिहिले असतील. चौकशी आयोगाने पुढे सांगितलं की त्या इमारतीला परवानगीच मिळायला नको होती. तिच्या बांधकामावर देखरेख करणाऱ्याने दुसऱ्याच एका अभियंत्याचं नाव आणि पदवी आपली म्हणून वापरल्याचंही उघड झालं. इथे मला विनोद सुचत नाही, राग येतो. पाहुणा छप्पर तपासून आत शिरत नाही. ते यजमानाने आधीच तपासलेलं असावं लागतं.

मग दुसरा आक्षेप: शेजारीच वाचवणार असतील तर पदवी कशाला, आणि तीही साता समुद्रापार? आपल्याकडे आपत्तींचा काय तुटवडा आहे? तुटवडा नाहीच. पण शेजारी कपाट उचलू शकतो, सहा मजल्यांचं काँक्रीट नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेला भूकंप क्राइस्टचर्चच्या जवळपास तेवढ्याच तीव्रतेचा. तिथे जाड दगडी भिंती आणि मातीची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार जीव गेले. न्यूझीलंडने १९३१ साली नेपियरच्या भूकंपात २५६ माणसं गमावली आणि १९३५ साली इमारतींसाठी भूकंपाचा विचार करणारे नियम आणले. दोन्हीकडच्या आकड्यांत फरक पाडणाऱ्या अनेक गोष्टींत ही कंटाळवाणी कागदपत्रंही येतात, आणि परदेशात जाऊन शिकायचा तो हा कंटाळा. शिवाय या वाटेवरचा आमचा मूळपुरुषही परदेशीच शिकायला गेला होता. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात १९१७ साली दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट होऊन शहर उद्ध्वस्त झालं. तिथला सॅम्युएल प्रिन्स नावाचा धर्मोपदेशक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला आणि १९२० साली प्रबंध छापला तो हॅलिफॅक्सवरच. आपत्तींच्या समाजशास्त्रीय अभ्यासाची सुरुवात त्या प्रबंधापासून धरतात. त्या न्यायाने वेलिंग्टनला बसून आयर्विन पुलावर लिहिणाऱ्याला कोणी हसायचं कारण नाही.

तेव्हा हिशेब असा होतो: संकटाआधीचं काम नियम लिहिणाऱ्यांचं आणि पाळायला लावणाऱ्यांचं, संकटानंतरच्या पहिल्या काही तासांचं काम शेजाऱ्यांचं. मधली वीराची जागा माझ्या कल्पनेत होती त्यापेक्षा बरीच अरुंद निघते. म्हणून परदेशी उतरलेल्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रम सुरू होण्याआधी समोरच्या दाराची बेल वाजवावी आणि फॉर्मवर चालत पोचता येईल अशा अंतरावरचं एक नाव वाढवावं. न बोलावता कोणाची बेल वाजवणं तिकडे शिष्टसंमत नाही, हे खरं. पण हातात लाडवांचा डबा असेल तर जगात कुठेही कारण विचारत नाहीत. बाबांचं नाव मात्र खोडू नये. ऑगस्टात त्यांनाही एक संपर्क लागतो, आणि फी त्यांनीच भरलेली असल्यामुळे, निदान आयर्विनला किती फूट झाले हे वेळेवर विचारण्याइतपत तरी मुलगा या विषयात तयार झाला असेल, अशी त्यांची माफक अपेक्षा असते.