पायलट

आमच्या खात्यात एक पायलट होता, असं सांगितलं की लोक आधी विमानाबद्दल विचारतात. विमान नव्हतं. पाठीला अडकवायची एक बॅग होती, तिच्यावर दहा-बारा स्टिकर आणि आत दोन लॅपटॉप. हुद्दा 'सल्लागार (तंत्रज्ञान व धोरण)', करार अकरा महिन्यांचा, मानधन ठोक. कुठलाही विषय निघाला की त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, "आधी एक छोटा पायलट करू या ना." तिसऱ्या दिवशी आमच्या नाईकांनी बारसं उरकलं आणि पाचव्या दिवशी, भाच्याला विमानतळावर कुठं चिकटवता येईल का, म्हणून त्याच्याकडे बायोडाटा दिला. पायलटनं तो वाचून चार चुका दुरुस्त करून परत केला. भाचा पुढं एका कुरिअर कंपनीत लागला. त्याचं श्रेय नाईक अजून पायलटलाच देतात.

खात्याचं नाव सांगत नाही. मी तिथून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि माझ्या पेन्शनची फाइल अजून फिरतीवर आहे.

ही जात मला नवी नव्हती. एकतीस वर्षांत मी चार पाहिले. पहिला आला तेव्हा खात्यात संगणकाला एसी होता आणि माणसांना पंखा. तो आम्हांला चपला बाहेर काढायला लावायचा, त्यामुळे काही जण आत जाताना नमस्कारही करायचे. दुसरा फॉन्टवाला. त्या वेळी या टेबलावर टाइप केलेलं मराठी पत्र त्या टेबलावर उघडलं की कावळ्याचे पाय दिसायचे. तो 'युनिकोड, युनिकोड' करत जिना चढायचा आणि उतरायचा. त्याचं म्हणणं पुढं मान्य झालं, पण तोवर तो कॅनडात स्थायिक झाला होता. तिसऱ्यानं सचिवांच्या दालनात भलामोठा टीव्ही लावून त्यावर राज्याचा नकाशा आणला. नकाशा बारा महिने हिरवागार. लाल झालेल्या जिल्ह्याकडून खुलासा मागवावा लागे आणि खुलासा मागवायला आमच्याकडे माणूस नव्हता.

चौथा हा पायलट. सचिवांनी कुठल्याशा परिषदेत त्याचं भाषण ऐकलं आणि बेंगळुरूची नोकरी सोडायला लावून त्याला उचलून आणलं. बाहेरची हुशार माणसं सरकारात आणायची ही हवा तेव्हा सगळीकडेच होती. आपल्याकडे २०१५ पासून मुख्यमंत्री फेलो येऊ लागले होते, दिल्लीत २०१८ मध्ये सहसचिवांच्या दहा जागांची जाहिरात बाहेरच्यांसाठी निघाली होती. (२०२४ मध्ये अशाच पंचेचाळीस जागांची निघाली आणि आठवड्याच्या आत मागं घेतली गेली. सरकारात आठवड्याच्या आत काही होतं, याचा माझ्याकडे तेवढा एकच पुरावा आहे.)

पायलट रुजू झाला, पण त्याला खुर्ची नव्हती. मंजूर पद असेल तर खुर्ची मिळते. हा आकृतिबंधातच नव्हता. मग अभ्यागतांच्या बाकावर, कपाटाच्या आडोशाला तो बसू लागला. येणारे-जाणारे त्याला आपल्यासारखाच अर्जदार समजून "तुमचं किती दिवसांपासून अडकलंय?" असं विचारत. तो प्रत्येकाचं ऐकून घेई आणि वहीत टिपून ठेवी. खात्याबद्दल त्याला जे काही खरं कळलं ते त्या बाकावर कळलं, असं माझं मत आहे. पण त्यानं मागितला व्हाइटबोर्ड. मी प्रस्ताव सादर केला.

पहिल्या बैठकीत त्यानं उपसचिवांना पहिल्या नावानं हाक मारली. बेंगळुरूत तशी पद्धत असते म्हणे. उपसचिवांचं पहिलं नाव आम्हांला त्या दिवशी कळलं. दारावरच्या पाटीवर नुसती आद्याक्षरं होती. त्यानंतर "आपला पेन पॉइंट काय आहे?" असं तो म्हणाला, तेव्हा नाईकांनी लगबगीनं पेन आणून दिलं. "डेटा कुठं असतो?" या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर होतं: तिसऱ्या कपाटात. किल्ली ज्या बाईंकडे, त्या बालसंगोपन रजेवर.

त्याचं दैवत एस्टोनिया. तिथल्या सगळ्या कचेऱ्यांचे संगणक २००१ पासून एकमेकांशी बोलतात, लोक २००५ पासून घरबसल्या मतदान करतात, हे तो अशा सुरात सांगायचा की ऐकणाऱ्याला बुक्का लावून घ्यावासा वाटे. एकदा मी विचारलं, "लोकसंख्या किती?" म्हणाला, "तेरा लाख." मी २०११ च्या जनगणनेचं पुस्तक काढलं. गोंदिया जिल्हा: तेरा लाख बावीस हजार. "म्हणजे तुमचा अख्खा देश आमच्या एका जिल्हाधिकाऱ्याकडे आहे," मी म्हटलं. यावर तो हसेल असं मला वाटलं होतं. त्यानं वही काढून 'गोंदिया' असं लिहून घेतलं.

अमेरिकेची गोष्ट मात्र आम्हां सर्वांना आवडायची. १ ऑक्टोबर २०१३ ला ओबामांच्या सरकारनं आरोग्य विम्याचं संकेतस्थळ सुरू केलं, कोट्यवधी डॉलर खर्चून. पहिल्या दिवशी देशभरातून नोंदणी पूर्ण झाली किती जणांची? सहा. हा आकडा ऐकताना अवर सचिवांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं ते वेतन आयोगाच्या दिवशीही मी पाहिलं नाही. मग कंपन्यांतली तरुण पोरं धावून आली, त्यांनी ते दुरुस्त केलं आणि २०१४ मध्ये सरकारनं अशा पोरांचं वेगळं पथकच उभारलं. पायलट गोष्ट इथं संपवायचा. ते पथक २०२५ मध्ये नाव बदलून भलत्याच कामाला जुंपलं गेलं, ही बातमी मी त्याला वाचून दाखवली तेव्हा तो दोन दिवस बोलला नाही. मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. पाटी तीच ठेवून काम बदलायचं किंवा काम तेच ठेवून पाटी बदलायची, एवढंच तर आम्ही एकतीस वर्षं करत आलो.

तर त्याच्याकडे काम आलं ते शेतकऱ्यांच्या एका अनुदान योजनेचं. जीआर निघालेला होता, आता पोर्टल करायचं. "जीआर लिहिताना मला का नाही बोलावलं?" हा त्याचा पहिला प्रश्न. आमच्याकडे रीत अशी की आधी नियम करायचा आणि मग संगणकवाल्याला बोलावून तो 'चढवायला' सांगायचा, जसं बांधून झालेल्या घराला रंगारी बोलावतात. पायलट म्हणे, मी रंगारी नाही, जिना कुठं असावा ते सांगणारा माणूस आहे.

त्यानं दोन तालुक्यांत पायलट सुचवला. मंत्रिमहोदयांनी विचारलं, "कुठले दोन?" त्यानं नावं सांगितली. "माझा का नाही?" तिसरा घातला. मग राज्यमंत्र्यांचा चौथा. आठवड्यात तो छोटा पायलट छत्तीस जिल्ह्यांत पोचला. पहिल्या यादीत राज्यातला सर्वांत मोठा जमीनदार निघाला 'इतर'. सातबारावर सामाईक खातं असलं की 'अमुक अमुक व इतर' असं लिहितात; यंत्रानं 'इतर' हा एक इसम धरून सगळ्यांची जमीन त्याच्या नावावर गोळा केली होती. मंत्र्यांच्या स्वीय सहायकानं बाजूला घेऊन विचारलं, "हे इतर कुठले? आपल्याकडचे की त्यांच्याकडचे?"

आणि अर्ज तर येतच नव्हते. आले तरी बाद होत होते. कारण शोधायला पायलट निघाला गोंदियाला. माझं गोंदियाचं वाक्य त्याच्या वहीत होतंच. सोबत मला घेतलं. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्रभर त्यानं मला ऐकवलं की देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. मी घोरत होतो, असं तो म्हणतो.

रोवणीचे दिवस होते. गावातल्या सेवा केंद्राच्या पायरीवर पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेली एक बाई बसली होती. नंबर आल्यावर तिनं पदराला अंगठा पुसला आणि काचेवर ठेवला. लाल दिवा. पोरानं ओलं फडकं दिलं. पुन्हा लाल. "मावशी, दाबून ठेव." लाल. "दुसरं बोट." दहाही बोटं झाली. तिनं तळहात उलटून आम्हांला दाखवला, एखादी फाटकी नोट दाखवावी तसा. "घासला जी, रोवणीत." मग मोबाइलवर आकडा मागवायचं ठरलं, पण मोबाइल पोराकडे आणि पोरगा नागपूरला, कामावर, उचलेना. अर्ध्या तासानं उचलला, आकडा सांगितला, पान उघडलं. आणि नाव जुळेना. आधारावर लग्नानंतरचं, पासबुकात इंग्रजीत भलतंच काहीतरी, सातबारावर पाळण्यातलं नाव, पुढं 'जौजे', पुढं मेलेल्या नवऱ्याचं नाव आणि शेवटी आपले 'इतर'. जीआरमध्ये लिहिलं होतं, 'आधारपत्र, सातबारा उतारा व बँक पासबुक यांवरील नावाशी तंतोतंत जुळणारे नाव'. ती उठली. "उद्या येतो जी," म्हणाली. पोरानं आम्हांला हळूच सांगितलं, चौथी खेप आहे.

परतीच्या गाडीत पायलटनं एस्टोनियाचं नाव काढलं नाही. दादर आलं तेव्हा म्हणाला, "सर, यात कोडचं काहीच नाहीये. हा एक 'व' आहे. तिथं 'किंवा' पाहिजे."

पुढचे चार महिने त्या 'किंवा'चे. त्यानं टिपणी लिहिली, पहिली इंग्रजीत, मग माझ्याकडून शिकून मराठीत. टिपणी वर गेली, 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन खाली आली. चर्चा केली, 'चर्चा केली' असं लिहून पुन्हा वर गेली. एका विभागानं कळवलं, 'किंवा'मुळे संदिग्धता निर्माण होते. दुसऱ्यानं विचारलं, यामुळे लाभार्थी वाढतील काय? पायलटनं भाबडेपणानं लिहिलं, होय. परत आलं: सबब वित्तीय भार आहे, प्रस्ताव तपासून फेरसादर करावा. तो कागद हातात धरून तो माझ्या टेबलापाशी आला.

"सर, म्हणजे लोकांची नावं चुकणार, हे बजेटमध्ये धरलेलं आहे?"

मी नाईकांना दोन चहा सांगितले.

या काळात तो बदलत होता. 'सर'चं 'साहेब' झालं. बुटांच्या जागी चपला आल्या. मित्राच्या लग्नाला सुट्टी मागताना त्यानं मला 'उक्त विषयी विनंती की' असा मेसेज केला. पताका कुठं लावायची, पत्रव्यवहाराचं पान आणि टिपणीचं पान वेगळं कसं राखायचं, सगळं त्याला येऊ लागलं. घरची आघाडी मात्र बिकट होती. पुण्याला त्याच्या आईनं स्थळं बघायला घेतली होती आणि प्रत्येक ठिकाणी गाडी अडायची. सरकारी नोकरी म्हणावी तर कायम नाही, आयटीतला म्हणावा तर पॅकेज नाही. एका मुलीच्या वडिलांनी तासभर बोलून शेवटी आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या कनेक्शनचा अर्ज त्याच्या हातात ठेवला.

सचिवांच्या बदलीचा आदेश आला तेव्हा पायलटच्या कराराचे एकोणीस दिवस उरले होते. मी त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं, अभ्यागतांच्या बाकावर नाही, आणि म्हटलं, "तू धोरण बदलायला निघालास म्हणून सगळे आडवे आले. धोरण बदलू नकोस. टंकलेखनातली चूक दुरुस्त कर." त्याला कळायला थोडा वेळ लागला. बदलीच्या आदल्या संध्याकाळी सचिवांसमोर फायलींचा डोंगर असतो आणि बाहेर पुष्पगुच्छांची रांग. त्या डोंगरात मी एक पातळ नस्ती सरकवली: शुद्धिपत्रक. सदर शासन निर्णयातील परिच्छेद चारमध्ये 'व' ऐवजी 'किंवा' असे वाचावे. चूक कक्षाच्या नजरचुकीनं झाली, असं खाली मी लिहून दिलं होतं. सचिवांनी पेन टेकवलं, थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "एकतीस वर्षांत तुमची पहिलीच चूक ना?" म्हणाले, आणि सही केली.

मला एक ज्ञापन मिळालं. त्याचं उत्तर पायलटनंच लिहून दिलं, इतकं सफाईदार की ते वाचून वरच्यांनी प्रकरण दप्तरी दाखल केलं. अकरा महिने संपले. निरोपाला त्याला शाल आणि नारळ दिला. नारळ बॅगेत मावेना म्हणून एक लॅपटॉप हातात घेऊन तो लिफ्टपर्यंत गेला. तीन आठवड्यांनी व्हाइटबोर्ड आला. मी तो जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवला. मार्कर आले नाहीत, त्यांचं लेखाशीर्ष वेगळं.

आता तो परत बेंगळुरूला आहे. महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो. गेल्या आठवड्यात म्हणाला, "साहेब, पेन्शनचं काय झालं? आता सगळं पोर्टलवर दिसतं, बघून सांगतो." दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला. आवाज जरा घसरलेला.

"साहेब, तुमच्या सेवापुस्तकात नावापुढे 'राव' आहे. आधारात नाहीये."

मी चष्मा लावला आणि नियम काढून पाहिला. तिथं 'व' आहे.