पिकअपराव

नवी गाडी शोरूममधून घरी येते. तिला हार पडतो, चाकाखाली लिंबू जातं, शेजारीपाजारी पेढे पोचतात. आणि नंबरप्लेट लागायच्या आत मालक मान किंचित तिरकी करून म्हणतो, "गाडी एक नंबर आहे. फक्त पिकअप जरा कमी वाटतोय." हे वाक्य कानावर आलं की समजावं, आपल्या आळीत एक पिकअपराव अवतरले.

पेणहून वडखळ, नागोठणे, भिसे खिंड करत रोह्याला जावं, तर वाटेत ज्या गावात पिकअपराव नाहीत असं गाव मला तरी भेटलेलं नाही. वय तिशी-पस्तिशी. पेणचे असले तर घरचा गणपतीचा कारखाना, रोह्याचे असले तर धाटाव एमआयडीसीत शिफ्ट. लग्न झालेलं, हप्ते चालू. अंगात चेन लावलेलं जाडजूड रायडिंग जॅकेट, ज्याच्या आत मे महिन्यातच पावसाळा सुरू होतो. पायात मात्र सँडल. स्वभावाने अत्यंत सज्जन. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. फक्त इंजिन जसं कारखान्यातून आलं तसं राहू देणं त्यांना जमत नाही.

हे घराणं तसं जुनं आहे. १९८५ ते १९९६ या काळात यामाहाची आरएक्स १०० इथे बनत होती, तेव्हाचे पिकअपराव आज आजोबा झालेत. ९८ सीसी, ११ घोडे, टू-स्ट्रोक. सायलेन्सरची आतली जाळी काढ, कार्ब्युरेटरचा जेट बदल, हेड थोडं घासून घे, असले उद्योग एका पान्यावर आणि एका स्क्रू ड्रायव्हरवर होत, आणि खरं सांगायचं तर त्यांचा उपयोगही होई. गाडी नाक्यावरून सुटली की मागे निळसर धूर आणि पुढे मोकळा रस्ता. पुढे इंजेक्टर आला, सेन्सर आले, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. पेट्रोल किती, हवा किती, ठिणगी कधी, हा सगळा कारभार ईसीयू नावाच्या सीलबंद डबीकडे गेला. कार्ब्युरेटर गेला तरी पिकअपरावांचा स्क्रू ड्रायव्हर हातातच राहिला, आणि त्याला काहीतरी फिरवायला हवंच असतं.

पेणच्या पिकअपरावांकडे हीरोची एक्सपल्स २०० फोर व्ही आहे. सासूबाईंचा वाढदिवस विचारला तर ते बायकोकडे बघतात, पण १९९.६ सीसी, ८५०० आरपीएमला १९.१ पीएस, ६५०० ला १७.३५ न्यूटन मीटर, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. ऑफ-रोड गाडीच का घेतली, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "मला रस्त्याची गरज नाही." हे वाक्य लडाखमध्ये शोभलं असतं. आपल्याकडे ते सरकारनेच खरं करून ठेवलं. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि पुढची कितीतरी वर्षं ऑफ-रोडिंगची सोय थेट राष्ट्रीय महामार्गावर, तीही दुतर्फा, उपलब्ध राहिली. ज्या खड्ड्यांतून एसटीचा चालक तंबाखू मळत रोज गेला, त्याच खड्ड्यांतून पिकअपराव उभं राहून, गुडघ्याने टाकी आवळून, कोपरं बाहेर काढून गेले. मागून भाचा व्हिडिओ घेत होता.

पहिली तक्रार आली तेव्हा गाडी दोन-अडीचशे किलोमीटर चालली असेल. "उठत नाही हो, दबल्यासारखी होते." गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने हात पुसत सांगितलं, "गारी नवीन हाय दादूस. जरा चालव ना आधी." मिस्त्रीचं बरोबर होतं. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी घासून घासून आपली जागा करतात. तोवर इंजिन आवळलेलंच वाटतं, आणि म्हणून कंपनी सुरुवातीला गाडी जपून चालवायला सांगते. पिकअपरावांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी फुल्ली सिंथेटिक ऑइल मागवलं. ते घालेपर्यंत हजार किलोमीटर झाले होते, रिंगा बसल्या होत्या, गाडी आपोआप मोकळी झाली होती. "ऑइलचा फरक बघा!" पिकअपराव म्हणाले. मिस्त्री काही बोलला नाही. पुढच्या सगळ्या प्रकरणात मिस्त्रीची भूमिका साधारण अशीच आहे.

मग आलं लोखंड. पुढे क्रॅशगार्ड, त्याच्यावर फॉगलॅम्प. इंजिनखाली जाड पत्रा, मागे कॅरियर, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या, एका पेटीला अडकवलेला पाच लिटरचा कॅन. पेण ते रोहा या अंतरात पेट्रोलपंपांची काही टंचाई नाही, त्यामुळे कॅनमध्ये बहुतेक वेळा पाणी असतं, आणि एकदा रोह्याहून येताना त्यात ताक होतं. गाडीचं मूळ वजन १६० किलोच्या आसपास, त्यावर पिकअपरावांनी वीस-पंचवीस किलो चढवलं आणि मग ते परत गॅरेजच्या दारात उभे राहिले: "चढाला पिकअप जाणवत नाही." मागच्या सीटवर जागाच उरली नाही म्हणून घरी राहिलेली बायको म्हणाली, "अहो, आधी त्या पेट्या काढा." यावर पिकअपरावांनी तिला टूरिंग या विषयाची ओळख करून दिली. घरातून बाहेर पडताना त्या पेट्यांत रेनकोट आणि पंक्चरचं किट असतं. परत येताना एकीत पेणचे पोहे, दुसरीत कोलंबी.

वजनावर तोडगा म्हणून सायलेन्सर आला. कंपनीचा जड, हा हलका. कंपनीच्या सायलेन्सरात धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ह्याच्यात नुसता ढणढणाट. फ्री फ्लो सायलेन्सरचं शास्त्र पिकअपराव असं समजावून देतात की धूर लवकर बाहेर गेला की इंजिनाला श्वास घ्यायला सोपं. यात तथ्य आहे, पण ते वरच्या आरपीएमला, आणि तेही पेट्रोलचं प्रमाण त्यानुसार बदललं तर. चिखलात, चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, म्हणजे ऑफ-रोड गाडीला जिथे जोर लागतो तिथे, नळीतल्या दाबाच्या लाटांचं कंपनीने बसवलेलं गणित बिघडतं आणि असलेली ताकदही थोडी जाते. आवाज मात्र दुप्पट होतो. माणूस वेग कानाने मोजतो, त्यामुळे गाडी चाळीसवर असते आणि पिकअपराव मनाने ऐंशीवर असतात. ॲक्सिलरेटर सोडला की मागून फटाक-फटाक असा बारही निघतो. जळायचं राहिलेलं थोडं पेट्रोल गरम नळीत जाऊन पेटतं त्याचा तो आवाज. पिकअपराव त्याला रेसिंग नोट म्हणतात, आळीतली म्हातारी माणसं वेगळं काहीतरी म्हणतात.

आता यात एक स्थानिक अडचण आहे. एमएच ०६ देणारं आरटीओ कार्यालय नेमकं पेणमध्येच. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचा नियम मोडला तर दंड १० हजारांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे ज्यांना रस्त्याची गरज नाही ते पिकअपराव गावात शिरताना मात्र फार विचारपूर्वक रस्ता निवडतात. गल्लीबोळातून, इंजिन बंद करून, गाडी ढकलत. कंपनीचा सायलेन्सर घरात कॉटखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. पीयूसी काढायची तारीख आली की तो बाहेर येतो, चढतो, परत उतरतो. या एका कामात पिकअपरावांचा हात इतका बसलाय की मिस्त्रीही त्यांना मानतो.

ईसीयू रिमॅप करून आणायला ते पुण्याला गेले. गाडी रोलरवर बांधून, लॅपटॉप लावून, डबीतलं पेट्रोलचं कोष्टक बदलून मिळतं. जाणकार माणसाने नीट केलं तर गाडी खालच्या आरपीएमला सुधारते, हे मान्य करायला हवं. पण असल्या लहान इंजिनात वाढून वाढून एखाद-दोन घोडे वाढतात. पिकअपरावांनी तिथे सांगितलं, "लडाखच्या हिशोबाने करा." उंचावर हवा विरळ, दर हजार मीटरला इंजिनाची सुमारे दहावा हिस्सा ताकद जाते; खारदुंग ला ५३५९ मीटरवर. हे सगळं खरं. पण इंजेक्शनची गाडी हवेचा दाब मोजून पेट्रोल आपलं आपण कमी-जास्त करते, आणि मुळात पेण आणि रोहा ही खाडीकाठची गावं. इंजिनाला इतकी भरगच्च हवा देशात फार थोड्या ठिकाणी मिळते. पिकअपरावांची गाडी आजवर सर्वांत उंच चढली ती भिसे खिंडीत.

त्यांच्या सगळ्या उद्योगांत एक गोष्ट खरोखर लागू पडली, तीही अगदी स्वस्तातली. पुढचं स्प्रॉकेट एक दात कमीचं बसवलं. गिअर आखूड झाले, गाडी चढाला हाक मारल्यासारखी निघू लागली. इंजिनाची ताकद तीच, फक्त चाकाशी जास्त जोराने पोचते. चार दिवस पिकअपराव खूश होते. पाचव्या दिवशी नव्या झालेल्या कॉंक्रीटच्या पट्ट्यावर इंजिन किंचाळत असताना त्यांना बोर्ली-मुरूडकडे जाणाऱ्या एसटीने ओव्हरटेक केलं, खिडकीतल्या मुलाने हात केला, आणि रविवारी जुनं स्प्रॉकेट परत लागलं.

रोह्याचे पिकअपराव हे वरच्या श्रेणीतले. त्यांच्याकडे हिमालयन ४५०. म्हणजे ४५२ सीसी, ४० पीएस, पाण्याने थंड होणारं इंजिन. दोघे महिन्यातून एखाद्या रविवारी नागोठण्याला अर्ध्या वाटेत भेटतात. पेणकरांना वाटतं, ४० घोडे असलेल्या माणसाला आयुष्यात काय कमी असेल? रोहेकर चहात खारी बुडवतात आणि म्हणतात, "बाकी ठीक आहे रे, पण खाली जरा पिकअप..." ते ऐकून पेणकरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते कुठल्याही सायलेन्सरने दिलेलं नाही. मग दोघे अवचितगडाच्या पायथ्याला, पिंगळसईच्या अंगाने, शेताडीच्या वाटेने जातात. पहिल्याच पावसातल्या चिखलात दोन्ही गाड्या रुततात. तेव्हा प्रश्न घोड्यांचा नसतोच. मागचं टायर रस्त्यासाठी टणक फुगवलेलं असतं, ते चिखलात पकडच घेत नाही. थोडी हवा सोडली की गाडी निघते. हवा सोडायला पैसे पडत नाहीत, हा त्या उपायाचा मोठा दोष आहे.

गणपतीच्या आधी दोन महिने पेणकरांची गाडी खरोखरच दबली. चढाला नव्हे, सपाटीलाही. ॲव्हरेज पडलं, रेस दिली की खोकायची. पिकअपरावांनी ९५ ऑक्टेनचं पेट्रोल घालून पाहिलं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची अवेळी न भडकण्याची ताकद. जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ती लागते, ह्या गाडीचं कॉम्प्रेशन १०:१, तिला काय त्याचं? मग इरिडियमचा प्लग आला. तो टिकतो जास्त, पण घोडे त्याच्यात नसतात. प्लग लावायला गाडी गॅरेजमध्ये गेली तेव्हा मिस्त्रीने प्लगच्या आधी सीट काढली आणि एअर फिल्टरचं झाकण उघडलं.

आत पिकअपरावांनीच बसवलेला महागाचा सुती फिल्टर होता. त्याच्या खोक्यावर 'लाइफटाइम' असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ धुवून, तेल लावून पुन्हा पुन्हा वापरता येतो असा. पिकअपरावांनी तो आयुष्यात धुवायला लागत नाही असा घेतला होता. फिल्टर लाल असायला हवा होता, तो पांढराफेक निघाला. मिस्त्रीने नखाने कोपरा खरवडला. घड्यांमध्ये तेलात कालवलेला बारीक लगदा ठासून भरलेला. बोटावर घेतला तर पिठूळ, गुळगुळीत. मिस्त्रीने वास घेतला आणि तो लगदा कुठून आला ते ओळखलं. कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारायचं काम दिवसभर चालू असतं, शेडमध्ये प्लॅस्टरची भुकटी तरंगत असते, आणि पिकअपराव रोज संध्याकाळी गाडी थेट त्या शेडमध्ये उभी करून कारागिरांना सायलेन्सरचा आवाज ऐकवायला सात-आठ मिनिटं रेस देत. सगळी भुकटी इंजिनाने आत ओढली होती. तोंडावर ओला पंचा बांधून माणसाला पळायला लावावं तशी ती गाडी महिनाभर पळत होती.

"आता रंग मारला की बाप्पा तयार," मिस्त्री म्हणाला. त्याने फिल्टर साबणाच्या पाण्यात बुडवला. बादली दुधासारखी झाली. तीनदा पाणी बदललं, फिल्टर सावलीत वाळवला, तेल लावलं, बसवला. मग मालकाचा मान म्हणून नवा प्लगही लावला.

पिकअपराव हमरापूरपर्यंत जाऊन आले. गॅरेजसमोर गाडी उभी केली, हेल्मेट काढलं. चेहरा उजळलेला. "बघितलंत? याला म्हणतात इरिडियम!"

मिस्त्रीने दोनशे रुपये घेतले, फिल्टर धुण्याचे. ते पिकअपरावांना जरा जास्तच वाटले. रात्री त्यांनी रोह्याला फोन लावला, प्लगची गुणगाथा सविस्तर सांगितली. रोहेकरांनी फोन ठेवायच्या आत हिमालयनसाठी तसलाच एक मागवला. त्यांच्या गाडीचा फिल्टर अजून कुणी उघडलेला नाही.